बाबांच्या कमरेला आईची लाथ चालत नव्हती

आमच्या घरी दर बुधवारी आणि रविवारी सकाळी आई लोकांना लाथा घालायची.

गैरसमज नको. आई पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. (माझं डोकं अजून यायचंय, असं बाबा म्हणायचे.) पायाळू माणसाने डाव्या पायाने कमरेवर तीन लाथा घातल्या की भरलेली उसण उतरते, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे त्या दोन दिवशी चहाच्या आधी घरापुढच्या खळ्यात पाच-सहा माणसं पालथी पडलेली असायची. आई डोळे मिटून देवीचं नाव घ्यायची आणि रांगेने तीन-तीन लाथा वाटत जायची. लाथ म्हणजे तरी काय, टाचेचा टेका. मोबदला घ्यायचा नाही हा नियम. पण जाताना कोणी कुंपणाच्या दगडी गडग्यावर चार बांगडे विसरून गेला, तर ते परत कुठे पाठवणार?

आणि अशा बाईच्या नवऱ्याचीच कंबर गेली, तीही माझ्यामुळे.

मी तेव्हा वीस वर्षांचा, मॅट्रिक पास आणि गावातला एकुलता एक नकलाकार. मामलेदार कसा शिंकतो, भटजी दक्षिणा बघून मंत्र कसा लांबवतो, हे सगळं मी करून दाखवायचो. बाबांना हा धंदा आवडत नसे. "दुसऱ्याच्या तोंडान बोलतंस, तुजा तोंड कित्याक दिल्यान देवान?" असं विचारायचे. मी हाच प्रश्न त्यांच्याच आवाजात परत विचारायचो. मग मी पुढे आणि नारळाची झावळी घेऊन बाबा मागे.

बाबा बंदराच्या धक्क्यावर गोणी वाहायचे. मालाचा मचवा लागला की त्याच्यावरून धक्क्यावर एक लांब फळी टाकायची. त्या हलत्या फळीवरून पाठीवर मिठाची गोण घेऊन बाबा असे यायचे, की जेवून शतपावली करतायत. आठ जणांची टोळी होती आणि टोळीचा एक नियम होता. पावसाळ्याआधीचा शेवटचा मचवा रिकामा होताना जो फळीवर उभा, त्याचीच जागा पुढच्या हंगामात पक्की. जो मधेच बसला, तो बसला. त्याच्या जागी दुसरा येणार. बाबांची जागा एकोणीस वर्षं पक्की होती. नारळी पौर्णिमेनंतर हंगामातली पहिली फळी टाकायचा मानही त्यांचाच. त्या दिवशी ते टोपी घालायचे. एरवी ते फक्त लग्नाला टोपी घालत, तीही आपल्या घरचं लग्न असेल तर.

त्या वर्षी चैत्रात बाबांची घरातली चाल बदलली. एक हात कमरेवर, मान वर, पाऊल जपून. आंब्याच्या बागेची पाहणी करायला निघालेला खोतच. मला वाटलं, वयाबरोबर माणसाला रुबाब येतो. मी ती चाल दोन दिवसांत उचलली आणि धक्क्याजवळच्या चहाच्या दुकानात टोळीपुढे करून दाखवली. माणसं चहा सांडेपर्यंत हसली. एक सखाराम सोडून. सखाराम म्हणजे बाबांचा जोडीदार. बाबांच्या पाठीवर गोण चढवायचं काम त्याचं.

"कधीपासून चालता रे तो असो?" त्याने विचारलं.

"झाले असतीत पंधरा दिस. कित्याक?"

"काय नाय. चाय पी."

मी प्यायलो. शिवाय दोन भजीही खाल्ली. घरात माणूस पंधरा दिवस कंबर धरून चालतोय, हे त्या सखारामाला एका नकलेत कळलं. नक्कल करणाऱ्याला कळलं नाही.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यात आगाशे नावाचे तरुण डॉक्टर आले होते, पुण्याकडचे, मालवणीचा गंध नसलेले. मी तिथे केसपेपर लिहायला तात्पुरता लागलो होतो. केसपेपर लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्याही लक्षात आली होती. रोज निम्म्या कागदांवर मी एकच शब्द लिहीत होतो: कंबर, कंबर, कंबर. गोणीवाले, होडी ओढणारे, नारळ पाडणारे, सगळ्यांचं दुखणं तिथेच.

डॉक्टर म्हणाले, "गजानन, यांना औषध देऊन काय उपयोग? परत जाऊन तसेच वाकणार. यांना शिकवलं पाहिजे. ओझं उचलायचं कसं, वळायचं कसं. आपण धक्क्यावर जाऊन वर्ग घेऊ."

"घेऊ की," मी म्हणालो.

"पण माझं बोलणं त्यांना कळेल ना?"

"मी आहे ना, मालवणीत सांगीन." असं म्हणताना माझ्या मनात काय होतं ते डॉक्टरांना दिसायला हवं होतं. पण ते सज्जन होते.

रविवारी दुपारी धक्क्यावरच्या मांडवात वर्ग भरला. चाळीसेक माणसं उकिडवी बसलेली. बाबा आले नव्हते. "माका काय झाला हा?" म्हणून घरीच राहिले. डॉक्टरांनी काचेच्या चौकटीतला एक मोठा तक्ता भिंतीला टेकवला. त्यावर पाठीच्या कण्याचं चित्र होतं. डॉक्टर तक्त्याकडे तोंड करून, छडीने दाखवत बोलायचे. मी त्यांच्या पाठीमागे, माणसांकडे तोंड करून. ही जागा मला कोणी द्यायलाच नको होती.

"पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके," डॉक्टर म्हणाले.

"ह्यो बगा सुरमयचो काटो," मी म्हणालो. "फक्त सुरमय तुमी आसात."

हशा. डॉक्टर खूश झाले.

"ओझ्याच्या अगदी जवळ जा. पाय थोडे फाकवा. कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा."

मी डॉक्टरांसारखा चष्मा सावरला, ढोपरं फाकवली आणि खाली बसलो. "कोंबी अंडा घालूक बसता मा, तसा बसूचा. घाय करूची नाय, अंडा फुटात."

"ओझं पोटाशी घट्ट धरा. लांब हातावर धरू नका."

"गोण म्हणजे नवी न्हवरी. लांबसून हात लावल्यात तर रुसतली. अशी जवळ घेवची." मी गोणीला मिठी मारून गाल लावला. मागच्या रांगेतला एक जण मागच्या मागे पडला.

"वळताना कंबर पिळू नका. पावलं टाकत सगळं अंग वळवा."

"देवाची पालखी कशी वळता? पुरी. तसे वळा."

"आणि उठताना हिसका मारायचा नाही. श्वास रोखायचा नाही."

इथे मात्र मी कहर केला. तोंडाने "हिसको मारूचो नाय" म्हणालो आणि अंगाने उलटंच केलं. डॉक्टरच गोणीत अडकलेत असं दाखवलं. गाल फुगवले, डोळे वटारले, श्वास कोंडला आणि "हे बघा, असं" म्हणत खालून असा हिसका मारला, की गोणीसकट दोन पावलं मागे गेलो. टाळ्या पडल्या. माणसं मांड्या बडवत होती. डॉक्टर तक्त्याकडे बघत थोडा वेळ थांबले, मग पुढे बोलले.

"शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुखायला लागलं तर लपवू नका. लगेच या. दोन दिवस आराम करायचा, मग थोडं थोडं हिंडायला लागायचं. बहुतेक पाठी अशाने बऱ्या होतात. लपवून ओझं वाहिलं, तर मात्र माणूस कायमचा बसतो."

आता यात हसण्यासारखं काय होतं? मी शोधलं. सापडलं नाही. एवढा रंगलेला खेळ असा पडू द्यायचा?

"झाला," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतत, चाय पिवन घराक जावा."

संध्याकाळी घरी आलो तर बाबा ओटीवर खांबाला टेकून बसलेले.

"काय सांगल्यान रे तुज्या डॉक्टरान?"

बाबांनी आपणहून विचारलं होतं! मी भाताची गोण ओढली आणि सगळा खेळ पहिल्यापासून केला. कोंबडी, नवरी, पालखी, हिसका. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होती. बाबा हसले नाहीत. टक लावून बघत होते.

"परत दाखय."

परत दाखवलं.

"उठताना काय करतंस ता परत दाखय."

मी हिसका तीनदा मारून दाखवला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. बाबांनी माझी नक्कल तीनदा मागितली होती, आणि झावळी कुठे दिसत नव्हती. त्या रात्री मी अंथरुणावर पडून विचार केला की बापाला मुलाची किंमत उशिरा कळते, पण कळते.

सोमवारी सकाळी डॉक्टर कसल्या तरी बैठकीला कणकवलीला गेले, ते गुरुवारी यायचे होते. मी दवाखान्यात खुर्ची डॉक्टरांची, चष्मा कंपाउंडरचा आणि आवाज दोघांचा, असा बसलो होतो. इतक्यात चार माणसं फळी घेऊन आली. फळीवर बाबा.

फळी तीच, मचव्याची.

झालं ते सखारामाने सांगितलं. रोज तो आणि दुसरा एक जण गोण उचलून बाबांच्या पाठीवर द्यायचे. त्या दिवशी बाबा म्हणाले, "थांबा. माका नवीन तरा कळली हा. कमरेक तरास नाय." टोळीदेखत ते कोंबडीसारखे बसले. कोणी हसलं नाही, कारण बाबांना हसायची टोळीत पद्धत नव्हती. त्यांनी गोण मिठीत घेतली, गाल लावला. (गालसुद्धा लावला.) मग श्वास कोंडला, डोळे वटारले आणि हिसका मारला. गोण वर आली, हातून सुटली आणि फळीवरून समुद्रात पडली. मीठ जिथून आलं होतं तिथे परत गेलं. बाबा तसेच अर्धे बसलेले राहिले. त्यांना सरळही करता येईना, बसवताही येईना.

मी फळीवर वाकलो. बाबांच्या कपाळावर घाम होता. ते हळूच म्हणाले, "तू दाखयलंस तसाच केलंय रे. माजा खंय चुकला?"

मी कंपाउंडरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

घरी आणल्यावर गावाचा पहिला प्रश्न अर्थातच एक होता. घरात पायाळू असताना चिंता कसली? दुसऱ्या क्षणी गावालाच आठवलं. बायकोने नवऱ्याला पाय लावायचा? शिव शिव. सबंध तालुक्यात आईची लाथ न चालणारा एकच माणूस होता, आणि तो तिच्या ओटीवर आडवा होता. आईची तर दशा बघवेना. शेकायला विटा तापवायची, वाळूची पुरचुंडी करायची, आणि मधेच आपल्याच डाव्या पायाकडे रागाने बघायची.

"सगळ्या गावाचे पाटये सरळ केलंय. आणि माज्या घोवाक माजो पाय चलत नाय. ह्यो कसलो देवाचो न्याय?"

"मगे मी घालू काय?" मी म्हटलं. "माजे पाय तुजेच."

"बापाशीक लाथ घालतलंस? आणि तू खंय पायाळू? तू तर आडवो इल्लंस."

बाबा छताकडे बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "शेवटचो मचवो कधी लागता?"

"येत्या सोमवारी," सखाराम म्हणाला. "मी टोळीक सांगलंय, सोमवारपर्यंत कोणाक घेव नकात. फुडचा माज्या हातात नाय, भिकाजी."

सोमवारी बाबा फळीवर उभे राहिले नाहीत, तर एकोणीस वर्षांची जागा जाणार. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

मंगळवारी सखारामाने मला माडाखाली नेलं.

"तुजी आवस डोळे मिटान लाथ घालता मा?"

"व्हय."

"मगे तेका घोंगडी घालून रांगेत निजवया. तिका कळला नाय तर पाप खयचा? तू बोल दुसऱ्याच्या आवाजात."

आता मला सांगा, ज्या तोंडाने घात केला तेच तोंड वापरून दुरुस्त करायची संधी कोण सोडील? शिवाय (खरं सांगायचं तर) ही माझी आजवरची सर्वात मोठी भूमिका होती. बाबा तयार होईनात. "तिका फशिवचा?" म्हणाले. मग सखाराम फक्त "सोमवार" म्हणाला, आणि बाबांनी डोळे मिटले.

बुधवारी पहाटे आई विहिरीवर गेली तेव्हा आम्ही बाबांना उचलून खळ्यात आणलं. रांगेत शेवटचे पालथे घातले आणि डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी टाकली. ओटीवर त्यांच्या अंथरुणात दोन उशा आणि एक भोपळा ठेवला. मी रांगेशेजारच्या गडग्याआड लपलो.

आई आली. पहिल्या चार जणांना लाथा वाटल्या. पाचव्यापाशी थांबली.

"ह्यो कोण? तोंड झाकून कित्याक निजलो हा?"

मी गडग्याआडून जाड, घोगरा आवाज काढला, "इन्सुलीसून इल्लंय, आये. गाडीवान. थंडी वाजता."

वैशाख होता. आईने क्षणभर विचार केला असावा. पण इन्सुलीसारख्या लांबच्या गावाहून माणूस आला, याने ती सुखावली. तिची कीर्ती अजून एवढी गेली नव्हती.

"बरा. आंग सैल सोड." तिने डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि पाय उचलला. पहिली लाथ बसली. इतकी हलकी, इतकी नेमकी, की घोंगडीखालून एक समाधानाचा सुस्कारा आला. आणि त्यापाठोपाठ आवाज आला, मी न काढलेला.

"वायच उजवीकडे गो."

जगात आईला अशा सुरात "गो" म्हणणारा माणूस एकच होता. तो सकाळी चहा मागतानाही असंच म्हणायचा.

आईने डोळे उघडले. दुसऱ्या लाथेसाठी पाय वर गेलेला होता, तो तिने हवेतच थांबवला. एका पायावर उभी, हात जोडलेले, तोंडात देवीचं नाव. मग तिने तो पाय मागे घ्यायला झटका दिला आणि तोल जाऊन सारवलेल्या खळ्यात धपकन बसली. उठायला गेली तर उठवेना.

"आये, काय झाला?" मी गडग्याआडून धावलो. घाबरून मी इन्सुलीच्या गाडीवानाच्याच आवाजात विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेची नक्कल मला आजपर्यंत जमलेली नाही.

पायाळूलाच उसण भरली. ही बातमी दुपारपर्यंत वेंगुर्ल्याला पोचली असेल. गुरुवारी डॉक्टर आले आणि तडक आमच्या घरी आले, तेव्हा ओटीवर दोन चटया होत्या. एकीवर बाबा, एकीवर आई, आणि मधे मी, दोघांना पेज भरवत.

डॉक्टरांनी दोघांना तपासलं. आईचं किरकोळ होतं. बाबांपाशी ते बराच वेळ बसले. पाय उचलून बघितले, टाचणी टोचून बघितली.

"हे कधीपासून दुखत होतं?"

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हयनो झालो असात."

"महिना? अहो, मी रविवारी धक्क्यावर सांगितलं होतं, दुखणं लपवू नका म्हणून. गजानन, घरी सांगितलं नाहीस?"

बाबांना आता कळलं होतं. चेहऱ्यावरून कळलेलं दिसत होतं. एक शब्द बोलले असते तर मी संपलो होतो, आणि ते वाजवीही झालं असतं.

"सांगल्यान," बाबा म्हणाले. "सगळा सांगल्यान. माकाच समाजला नाय."

मग डॉक्टरांनी सगळा पाठ नव्याने दिला. मी मालवणीत सांगितला. कोंबडी नाही, नवरी नाही, काही नाही. किती सरळ वाक्यं होती ती! दुखणं लपवू नका, हे मी दोनदा सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, बाबांना कमी ऐकू येतं.

आई रविवारी उभी राहिली. बाबा सोमवारी भिंत धरून ओटीच्या टोकापर्यंत गेले. तिथून धक्का दिसत नाही, पण माणसांची हाळी ऐकू येते. शेवटच्या मचव्याची शेवटची गोण उतरली, की टोळी एक आरोळी ठोकते. ती त्यांनी उभ्याने ऐकली. मग मला म्हणाले, "आत घे माका."

नारळी पौर्णिमेनंतर फळी सखारामाने टाकली. बाबांनी टोपी पेटीत ठेवली होती, ती मला दिसली. मी ती काढून दिली असती, पण कशाला म्हणून द्यायची?

ते जाळी दुरुस्त करायला लागले. बसून करायचं काम. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोड्या थोड्या वेळाने उठायचे आणि चालत धक्क्यावर जायचे. पुन्हा कधी गोण उचलली नाही. फळीच्या तोंडाशी उभे राहून टोळीला सांगायचे, "बस. जवळ घे. हिसको नाय. पुरो वळ." आणि टोळी ऐकायची. गंमत म्हणजे, खुणा माझ्याच राहिल्या. कोणी वाकला की दुसरा ओरडायचा, "कोंबी रे कोंबी!" कोणी गोण लांब धरली की, "न्हवरी रुसली!" त्या हंगामात टोळीत कोणाची कंबर भरली नाही. आईची रांग निम्म्यावर आली, गडग्यावरचे बांगडे आटले, आणि त्याचाही दोष माझ्याकडे आला.

दिवाळीनंतर डॉक्टरांची बदली झाली. त्यांना एस.टी.वर पोचवायला मी गेलो. मनात ठरवलं होतं, आज कबूल करायचं. सांगायचं की त्या रविवारी माणसं तुमच्या बोलण्याला हसत नव्हती. आणि शेवटचं वाक्य मी गाळलं.

डॉक्टर गाडीत बसले. त्यांची पुस्तकांची पेटी खाली राहिली होती. मी म्हटलं, "मी देतो टपावर." वाकलो, कमरेतून. पेटी उचलली, हातभर लांब धरून. आणि कबुलीच्या घाईत एक सणसणीत हिसका मारला.

मी तसाच अर्धा वाकलेला राहिलो. पेटी कंडक्टरने घेतली. तोंड उघडलं, कबूल करायला. बाहेर फक्त "आयऽऽऽ" आलं.

डॉक्टर खिडकीतून हसले. "गजानन, नक्कल छान करतोस तू. त्या रविवारी पण पाहिली होती मी, तक्त्याच्या काचेत. म्हटलं, हसण्यापायी का होईना, माणसं बसून राहिलीत. पण आता पुरे, उभा राहा. गाडी सुटतेय."

गाडी सुटली. मी उभा राहिलो नाही. काचेत त्यांना सगळं दिसलं होतं. गाळलेलं वाक्य तेवढं काचेत दिसत नाही.

मला घरी आणलं ते सखारामाने, बैलगाडीतून. वार बुधवार नव्हता, रविवारही नव्हता. आई दारात उभी होती. तिने मला आपादमस्तक पाहिलं.

"झीलाक, पोटच्या पोराक, लाथ चलता मा गो?" बाबांनी आतून विचारलं.

"झीलाक नाय कोणाचो इटाळ," आई म्हणाली आणि पदर खोचला. "पालथो पड."

मी खळ्यात पालथा पडलो. बाबा ओटीवरून उतरून माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. त्या दिवशी आईने डोळे मिटले नाहीत. पहिली लाथ बसली, तो टेका नव्हता. "वायच उजवीकडे गो," बाबा म्हणाले, आणि चैत्रापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना ऐकलं. दुसरी बसली. तिसरी बसली.

नियमाप्रमाणे लाथा तीनच. मी उठायला लागलो तर आई म्हणाली, "पडान रव." आणि आणखी दोन घातल्या.

मी पालथ्यानेच हिशेब केला. वैशाखात घोंगडीखालच्या गाडीवानाला एकच बसली होती, त्याच्या दोन राहिल्या होत्या.